चंद्र एकच म्हणायचा असतो

त्या पावसाळ्यात आमच्या घरात ऐकीव गोष्टींना बंदी झाली. बंदी बाबांनी घातली, आणि तीही जेवता जेवता, त्यामुळे पहिले दोन दिवस आईला ती थट्टाच वाटली. ती बाबांच्या ताटात भाकर वाढत सांगत होती की शेजारच्या चाचीच्या भाच्याची ठरलेली सोयरीक मोडली. बाबांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "तू पाहिलं?" आई म्हणाली, "मी काहून पाहू? चाचीनं सांगितलं." "मग ते ज्ञान नाही झालं," बाबा म्हणाले आणि घास तोंडात घातला. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं. भाकर मला स्वच्छ दिसत होती, ती जवळ होती.

आम्ही रांझीला राहायचो, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे एवढंसं अंगण, अंगणात नळ. पाणी यायच्या आधी नळ म्हाताऱ्यासारखा खोकायचा आणि तो खोकला की अख्खी ओळ बादल्या घेऊन उठायची. बाबा फॅक्टरीत तपासणीच्या खात्यात होते. मशीनवरून उतरलेला लोखंडी पुर्जा मोजपट्टीला लावायचा आणि साच्यात घालून पाहायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट एकतर पास असते नाहीतर लाल पेटीतली, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. राज्यांच्या रेषा नव्यानं आखल्या गेल्या तेव्हा गाव महाराष्ट्रात गेलं आणि बाबांची नोकरी मध्य प्रदेशात राहिली. त्यामुळे मी शाळेत हिंदीतून नापास व्हायची आणि घरी मराठीतून बोलणी खायची. माझं नाव सुजाता. घरी मला सुजी म्हणत. हिंदीत सूजी म्हणजे रवा हे माझ्या आईबापांच्या ध्यानात यायला उशीर झाला, तोवर वर्गातल्या पोरी मला 'सूजी का हलवा' म्हणायला लागल्या होत्या.

बंदीचं मूळ विहारात होतं. आमचा विहार म्हणजे क्वार्टरांच्या मागची पत्र्याची एक लांबट खोली, पुढे झाडून सारवलेलं आवार आणि एक पिंपळ. त्या वर्षी वर्षावासाला नागपूरकडचे एक भंतेजी येऊन राहिले. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूनं एका जागी मुक्काम करायचा. उंच, किडकिडीत, आवाज इतका हळू की ऐकणाऱ्यांना पुढे सरकत सरकत त्यांच्या पायाशी यावं लागे. याआधी आलेले भंते शील सांगायचे, दारू सोडा म्हणायचे. यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "तुम्हाला जे कळलं आहे, ते कळलं आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?" अर्धे लोक दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. बाबा मात्र वही घेऊन गेले.

भंतेजी सांगायचे ते मी आईच्या मांडीला टेकून ऐकायची. ज्ञान दोनच वाटांनी येतं. एक प्रत्यक्ष, म्हणजे डोळा, कान, नाक, जीभ, अंग यांना नुसतं जे भेटतं ते, मनानं त्याला नाव द्यायच्या आधीचं. डोळ्याला निळं दिसतं, 'हे निळं आहे' असं मन मागून म्हणतं, आणि त्या मागून येणाऱ्या मनाच्या खोड्या फार. दुसरं अनुमान. डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे, कारण आगीशिवाय धूर नाही. पण धूर म्हणून धुकं धरलंत तर फसलात. आणि कोणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून, ग्रंथात लिहिलं म्हणून, ते ज्ञान होत नाही. हे शेवटचं वाक्य बाबांनी वहीत दोनदा लिहिलं. पिढ्यानपिढ्या 'असं सांगितलंय' एवढ्याच आधारावर ज्यांना गावाच्या कडेला बसवलं गेलं, त्यांच्या घरातल्या माणसाला ते वाक्य किती गोड लागलं असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की घरात आता बोलायची चोरी झाली.

बाबा अनुमानं करायला लागले. दारातूनच म्हणायचे, "फोडणीचा वास नाही, म्हणजे भाजी नाही." आई म्हणायची, "चटणी आहे." "पाहा, बरोबर निघालं!" भाजी नसल्याचं दुःख कुठल्या कुठे. एकदा भंतेजींनी शिकवलं की नसणंसुद्धा कळतं: जी वस्तू असती तर दिसली असती आणि दिसत नाही, ती तिथं नाही. त्या दिवशी बाबांनी गुळाचा डबा उघडला, तो रिकामा होता. "गूळ नाही," त्यांनी जाहीर केलं. "असता तं दिसला असता." आईनं डाळीचा डबा सरकवला, त्यामागून गुळाची ढेप काढली आणि चहात खडा टाकला. बाबा चहा प्याले. मग वही काढून बसले आणि कपाळाला आठ्या घालून बराच वेळ काहीतरी खोडत राहिले. आईची बातम्यांची तहान मात्र बंदीनं आणखी वाढली. ती चाचीकडून सगळं ऐकून यायची आणि बाबांना सांगताना सुरुवात करायची, "हे ज्ञान नाही, पण ऐका."

या सगळ्यात माझं गणित चाललं होतं, म्हणजे चाललं नव्हतं. बहनजी फळ्यावर गणितं लिहायच्या. मला फळा दिसायचा, काळा आणि चौकोनी. त्यावर पांढरं काही हलल्यासारखं वाटायचं. पुढच्या बाकावरच्या पोरी ते उतरवून घेत, त्यांच्या वहीतून मागच्या, त्यांच्यावरून आम्ही. मला वाटायचं, वर्गाची रीतच ही असणार, पंगतीत द्रोण पुढून मागे येतात तशी. आमच्या बाकापर्यंत येईतो सहाचा शून्य झालेला असायचा आणि बेरजेची वजाबाकी. श्रुतलेखनात मात्र माझी एकही चूक नसायची, कारण ते कानांनी यायचं. दोन विषयांतली ही तफावत पाहून बाबांनी अनुमान काढून भंतेजींनाही सांगितलं: पोरीची बुद्धी ठीक आहे, मन पळतं. मग रोज संध्याकाळी मला भिंतीशी बसवून श्वासाकडे लक्ष द्यायला लावत. मी श्वासाकडे लक्ष देत देत झोपून जायची. बाबा आईला म्हणायचे, "पाह्य, कशी शांत झाली."

आणि मग सायकलीची गोष्ट झाली. सुटीचा भोंगा वाजला की फॅक्टरीच्या फाटकातून हजार सायकली बाहेर पडत, सगळ्या काळ्या, सगळ्यांवर खाकी कपडे. आई कधी कधी मला फाटकाशी उभी करायची, येताना बाबांच्या मागे बसून यावं म्हणून. बाबांना ओळखायची माझी खूण त्यांचा खोकला. एका संध्याकाळी कोणीतरी तसाच खोकला, सायकल हळू झाली, मी पळत जाऊन कॅरिअरवर बसले. चुंगीनाक्याच्या पुढे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, आज इकडून काहून?" सायकल इतक्या जोरात थांबली की मी खाली पडले. वर एक घाबरलेला बंगाली चेहरा होता. "ऐ खुकी, तुम कौन है?" तो बिचारा मला सायकलवर बसवून घरी सोडायला आला. आईनं त्याला चहा पाजला. तो गेल्यावर ती माझ्याकडे कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. बाबांचं म्हणणं, "मन जाग्यावर नाही, दुसरं काय!"

तिमाही परीक्षेत मला गणितात शून्य मिळालं. साधं शून्य नव्हे. बहनजींनी त्याखाली लिहून पाठवलं की ही मुलगी फळ्यावरचं उतरवतसुद्धा नाही, हिला शाळेत पाठवण्यात अर्थ नाही. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली मुलगी होते आणि त्यांनी मला चढवलं होतं. सकाळी त्यांनी गोंदियाच्या आत्याला पोस्टकार्ड लिहिलं: पोरगी शिकत नाही, दिवाळीनंतर तुझ्याकडे पाठवतो, शिवणकाम शिकव. आत्याचा स्वभाव मला ठाऊक होता. ती लाटण्यानं मारायची, आणि किती मारले ते मोजायची. मी छोट्या रेल्वेगाडीच्या लाकडी बाकड्यावर बसून रडत गोंदियाला चालले आहे असं चित्र मी रोज झोपताना बघायची, आणि गंमत म्हणजे तेवढंच एक लांबचं चित्र मला स्पष्ट दिसायचं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. भंतेजी दुसऱ्या दिवशी जाणार होते. विहाराच्या आवारात सतरंज्या घातल्या होत्या, चुलीवरून उतरलेल्या खिरीच्या मोठ्या पातेल्याजवळ आई पळी घेऊन बसली होती. दिवस मावळत होता आणि पिंपळामागून चंद्र वर आला. भंतेजींना तर निमित्तच हवं असायचं. ते म्हणाले, प्रत्यक्षालासुद्धा सांभाळून घ्यावं लागतं. भेडाघाटला नावेत बसलात की संगमरवराचे कडे चालायला लागतात. कडे चालत नाहीत, नाव चालते. जळती काडी गरगर फिरवली की आगीचं कडं दिसतं, कडं नसतंच. "आणि ज्याच्या डोळ्यात दोष आहे त्याला दोन चंद्र दिसतात. तो खोटं बोलत नाही बरं. त्याला दिसतात. पण ते ज्ञान नाही." मग मुलांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती दिसतात रे?"

"एक!" सगळी मुलं ओरडली. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पण मला चैन पडेना. मी उठून आईजवळ गेले आणि तिच्या कानात विचारलं, "आई, दोन दिसले तं रोग. मग आठ दिसले तं कोणता?"

आईची पळी थांबली. "कोणाले आठ दिसते?"

"सगळ्यायलेच ना. एकावर एक. फुलासारखे."

"अवो!" आईनं बाबांना अशी हाक मारली की भंतेजींची धम्मदेसना थांबली. "इकडं या! हे पोरगी आठ चंद्र म्हणून राहिली!"

मला भंतेजींसमोर उभं केलं. सगळा विहार बघत होता. भंतेजींनी माझ्या उंचीला येण्यासाठी चक्क उकिडवे बसून विचारलं, "आत्ता तर तू एक म्हणालीस ना, बाळ?"

"चंद्र एकच म्हणायचा असतो," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं. "जसं कोणाच्या घरी गेलं, त्यांनी जेवता का विचारलं, तं भूक नाही म्हणायचं असते. तसं."

हसू उसळलं. भंतेजी हसले नाहीत. बाबा पुढे झाले. त्यांचे कान तापले होते. "भंतेजी, डोळ्यात दोष कसा असंल? हे पोरगी आईले सुई ओवून देते, एका झटक्यात! डाळीतला बारकातला बारका खडा काढते!"

"सुई डोळ्यापासून किती लांब असते?" भंतेजींनी विचारलं.

पुर्जा साच्यात न बसल्यावर कारागिराचा चेहरा होतो तसा बाबांचा झाला.

"सुजाता, विहाराच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाच," भंतेजी म्हणाले. दार वीस पावलांवर होतं.

"कोणती पाटी?" मी विचारलं.

आता कोणी हसलं नाही. पाटी कमरेएवढी उंच होती आणि ती बाबांनीच रंगवलेली होती. आईनं मात्र तशाही प्रसंगात संधी सोडली नाही. "पण भंतेजी," ती पळी हातात घेऊनच म्हणाली, "चंद्र एक आहे हे तिनं ऐकूनच घेतलं ना? डोळे चुकले, ऐकीव खरं निघालं. मग आमच्या घरची बंदी उठली का?"

भंतेजी आता हसले. "ऐकलेलं खरं निघालं, ताई. पण ते खरं आहे हे तिला अजून कुठं कळलंय? ती तर शिष्टाचार म्हणून एक म्हणते. डोळे नीट झाले की पाहील, तेव्हा ते तिचं होईल." मग बाबांकडे वळून म्हणाले, "आणि आपण, पोरीचं मन पळतं हे अनुमान केलंत, तेव्हा धूर पाहिलात की धुकं?"

घरी जाताना बाबा पुढे, आई मधे, खिरीचा डबा घेऊन मी मागे. निम्म्या वाटेत बाबा थांबले. "तुले माहीत होतं?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "त्या सायकलीपासून शंका होती. पण चष्मा लागला तं पोरीशी लगन कोण करंल, म्हणून बोलली नाही." बाबा म्हणाले, "मले तरी सांगायचं!" त्यावर आईचा आवाज चढला. "सांगितलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं, तू पाहिलं का? मी तिच्या डोळ्यात शिरून कशी पाहू?" बाबा पुन्हा चालू लागले. पुढे आयुष्यभर मी मुलांना शिकवलं, पुष्कळ पुस्तकं चाळली, दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी दुसऱ्याच्या डोळ्यात शिरायचं कसं या आईच्या प्रश्नाचं उत्तर मलाही सापडलेलं नाही. विचारावं लागतं, आणि विचारल्यावर ऐकावं लागतं, एवढंच.

पुढच्या रविवारी बाबा मला बसनं बड्या फुहाऱ्याच्या बाजारात घेऊन गेले. कापडाच्या दुकानांच्या रांगेत चष्म्याचं एक अरुंद दुकान होतं, आत पांढऱ्या मिशांचे एक लालाजी. त्यांनी माझ्या नाकावर लोखंडाची जड चौकट ठेवली आणि तिच्यात एकेक काच टाकत गेले. "अब? और अब?" भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं खालपर्यंत उतरत गेली तशी मी मोठमोठ्यानं वाचत गेले. लालाजी म्हणाले, "बिटिया, बाहर देख आओ." मी ती चौकट सांभाळत दुकानाच्या दारात गेले.

लोकांना चेहरे होते! मला वाटायचं, लांबची माणसं म्हणजे कपडे. रस्त्यापलीकडे एक बाई कापडाचा तागा उलगडणाऱ्या दुकानदारावर चिडली होती, आणि चिडलेली होती हे मला रस्त्याच्या अलीकडून कळत होतं. एक माणूस कान कोरत थेट माझ्याकडे बघत होता. लांबची माणसं बघतसुद्धा असतात हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. अकरा वर्षं मी रस्त्यात उभी राहून खुशाल नाकात बोटं घातली होती, समोरच्या ओळीतल्या घरांना वाकुल्या दाखवल्या होत्या, मला वाटायचं मी त्यांना दिसत नाही.

मी आत आले तेव्हा लालाजी बाबांना म्हणत होते, "बाबूजी, आप भी बैठ जाइए." बाबा म्हणाले, "अरे नहीं, मैं तो इन्स्पेक्शन में हूँ." लालाजींनी बारीक अक्षरांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते धरलं. हात थोडा लांब केला. अजून लांब केला. मान मागे घेतली. "पढ़िए," लालाजी म्हणाले. बाबांनी एक ओळ वाचली. लालाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी चौकटीतून कार्डाकडे पाहिलं. "बाबा, तिथं असं नाही लिहिलेलं," मी म्हणाले.

"हाथ छोटा पड़ रहा है, बाबूजी," लालाजी हळूच म्हणाले.

बाबांनी कार्ड मांडीवर ठेवलं. मग मला मराठीत म्हणाले, लालाजींना कळू नये म्हणून, "दोन वर्षं झाले. मापाच्या बारक्या रेघा दिसत नाही. अनुमानानं चालवून राहिलो." मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खात्यात कळलं तर तपासणीतून काढून दुसरीकडे टाकतील ही भीती दोन वर्षं पोटात घेऊन हा माणूस संध्याकाळी विहारात बसून निर्दोष प्रत्यक्षाचं लक्षण लिहून घेत होता. लालाजींनी त्यांच्याही नाकावर चौकट ठेवली.

आठवड्यानं दोन्ही चष्मे आले. मला वर्गात नवीन नावं पडली, हलवा मागे पडला. बाबांना तपासणीतून कोणी काढलं नाही. त्यांच्या साहेबांचाच चष्मा त्यांच्यापेक्षा जाड निघाला. गोंदियाला दुसरं पोस्टकार्ड गेलं. सहामाहीत मी गणितात पास झाले, काठावर. फळा दिसायला लागल्यावर मी गणितात हुशार निघाले असं काही झालं नाही. फळ्यावरचं मला स्वच्छ दिसायचं, आणि समजायचं नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झालं. बाबा त्यावरही खूश होते. "दोष कुठं आहे ते तं कळलं!" म्हणायचे.

पण मला सांगायची आहे ती चष्मे आले त्या संध्याकाळची गोष्ट. बाबांनी वही वाचायला चष्मा लावला होता आणि जेवायला बसताना काढायला विसरले. त्यांना ताट दोन वर्षांत पहिल्यांदाच बारकाईनं दिसत होतं. भाकरीवरचे डाग त्यांनी निरखले, वांग्याच्या फोडीतल्या बिया पाहिल्या, "अच्छा!" म्हणाले. आई वाढायला वाकली आणि तिचा हात त्यांच्या चष्म्याखाली आला. बाबांनी तो मनगटाशी धरला.

"हे काय झालं?"

"काय?"

"हे. हे डाग. हे, हे, आणि इकडं हा."

"भाजलं," आई म्हणाली. "सोडा, भाजी पडंल."

"कधी?"

"हा? विहाराची खीर उतरवताना."

"आणि हा? हाही पौर्णिमेचा?"

"पौर्णिमेचा नाही हा. तुमच्या बहिणीच्या लग्नातला असंल... नाही, तो इकडचा. हा तं त्याच्याही आधीचा."

बाबांनी हात सोडला नाही. एकेका डागावर बोट ठेवून ते विचारत गेले, आणि आई आठवून आठवून सांगत गेली, कोणता तव्याचा, कोणता वाफेचा, कोणता कोणाच्या घाईनं झालेला. भाकर थंड झाली. बाबांनी वही मागितली नाही, 'कशावरून' विचारलं नाही, ती म्हणाली ते सगळं जसंच्या तसं मान्य केलं. शेवटी आईनंच हात ओढून घेतला आणि पुटपुटली, "पुरे आता. पोरगी पाहून राहिली."

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी बसले होते. लाजली की आईचे कान लाल होतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेवढ्या लांबून दिसलं.